एका दिवसात चार दगड

सह्याद्रीच्या सावलीत वाढलेल्या माणसाला दगड म्हटला की काळाच आठवतो. घराचं जोतं, गडाचा तट, पाटा-वरवंटा, वेरूळचं कैलास, सगळं त्या एका काळ्या पाषाणातलं. म्हणून जबलपूरला जाणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला मी आग्रहानं सांगतो, भेडाघाट उरकून संध्याकाळची गाडी पकडू नका. अख्खा दिवस काढा, आणि सोबत तिथला जाणकार घ्या. आम्हाला भूगोलाचे एक निवृत्त शिक्षक भेटले. सगळं गाव त्यांना 'मास्साब' म्हणतं, आम्हीही तेच म्हणू लागलो.

सकाळी मदन महालची टेकडी. वर गोंड राजांची छोटी गढी, आणि खाली उतारभर करड्या-गुलाबी ग्रॅनाइटचे गोल गरगरीत धोंडे. ते कुणी आणून रचलेले नाहीत. खडकाच्या भेगांत पाणी शिरतं, कोपरे आधी झिजतात, माती वाहून जाते आणि गोलाई उरते. त्यातला एक प्रचंड धोंडा दुसऱ्यावर जेमतेम टेकलेला आहे. २२ मे १९९७ ला जबलपूर भूकंपानं हादरलं, घरं पडली, पण हा धोंडा जागचा हलला नाही.

तिथून भेडाघाट, नर्मदेचे संगमरवरी कडे. पावसाळ्यात नर्मदा फुगते आणि नौका बंद असतात. दिवाळीच्या सुमारास त्या पुन्हा सुरू झालेल्या असतात. पंचवटी घाटावरून वल्ह्यांची नाव निघाली आणि नावाड्यानं यमक जुळवत वर्णन सुरू केलं. या कड्यात हत्ती, त्या कड्यात गाडी, इथे अमुक सिनेमाचं चित्रीकरण झालं. 'जिस देश में गंगा बहती है' इथलाच, हे तो अभिमानानं सांगतो. ऐकायला गोड वाटतं, पण मला भावली ती त्याची दुसरी गोष्ट. लांबून पांढऱ्या दिसणाऱ्या कड्याजवळ त्यानं नाव नेली, ओंजळभर पाणी दगडावर मारलं आणि म्हणाला, "अब देखिए, बाबूजी." कोरड्या दगडावर धुळकट पांढरेपणा होता, ओल्या दगडावर पिवळसर, फिकट गुलाबी, निळसर-हिरवट पट्टे उमटले. दोन मिनिटांत उन्हानं ते पुन्हा पुसले.

हा संगमरवर मॅग्नेशियमयुक्त, डोलोमाइटी. मुळात चुनखडीसारखा गाळ. जमिनीच्या पोटातल्या उष्णतेनं आणि दाबानं त्याचे नव्यानं स्फटिक झाले. पिवळी-तांबूस झाक लोहाच्या अंशाची. मधूनच शुभ्र भिंतीला छेदून जाणाऱ्या काळ्या-हिरव्या शिरा दिसतात, त्या ज्वालामुखी खडकाच्या. कडे तीसेक मीटर उंच, आणि बंदरकूदनीला ते इतके जवळ येतात की पूर्वी माकडं एका तटावरून दुसऱ्यावर उडी मारत, असं सांगतात. वरच्या अंगाला धुवांधारपाशी हीच नदी घळीत कोसळते आणि तुषारांचा धूर होतो.

भेडाघाटचंच चौसष्ट योगिनींचं मंदिर मात्र घाईत पाहू नका. दहाव्या शतकातलं, कलचुरींचं. वर्तुळाकार ओवरीत एक्क्याऐंशी कोनाडे, मध्ये गौरीशंकर. बऱ्याच मूर्ती भंगलेल्या आहेत, तरी त्यांच्या बसण्यातला डौल गेलेला नाही.

दुपारी लम्हेटा घाट. भूशास्त्राच्या जगात जबलपूरचं नाव झालं ते या साध्याशा घाटामुळे. इथले थर 'लमेटा' याच नावानं ओळखले जातात. खाली हिरवट वाळूचा खडक, त्यावर चुनखडी, मग लाल-जांभळ्या ठिपक्यांचे गाठाळ थर. शहरातल्या बडा शिमला टेकडीवर अशाच थरांत १८२८ साली कॅप्टन विल्यम स्लीमनला मोठाली हाडं सापडली. ठगांचा बंदोबस्त करणारा तोच स्लीमन. पुढे १८७७ मध्ये जीवाश्मतज्ज्ञ लिडेकरनं त्या प्राण्याला 'टायटॅनोसॉरस इंडिकस' हे नाव दिलं. भारतात नोंदले गेलेले हे पहिले डायनोसॉर. या थरांत त्यांच्या अंड्यांची घरटीही मिळाली आहेत. २०२१ मध्ये भेडाघाट-लम्हेटाघाट युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलं. तिथला एकही खडा खिशात घालू नका, ही विनंती मी हात जोडून करतो. थरातून उचललेल्या हाडाचा पत्ता हरवतो, मग ते नुसतं हाड उरतं.

उन्हं कलताना मास्साब आम्हाला बडा शिमल्यावर घेऊन गेले. पायथ्यापासून हिरवा, पांढरा, तांबूस असे थर ओलांडत चढलो. डायनोसॉरांचा काळ पायांखालून सरत होता. माथ्याजवळ त्यांनी काठी एका धोंड्यावर टेकवली. "ये तो आप पहचानते होंगे, भाईसाब."

काळा बेसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेल्या लाव्हाची उत्तरेकडची कड, लमेटाच्या थरांवर झाकणासारखी बसलेली. मी बाटलीतलं उरलेलं पाणी त्याच्यावर ओतलं. आजीच्या परसातल्या धुणं धुवायच्या दगडासारखा तो निळसर काळा चमकला.