सायकलीवरचा संथ प्रवास : पेण ते रोहें

फ्रान्समध्यें १९३६ सालीं कामगारांस दर वर्षीं दोन आठवड्यांची भरपगारी रजा देणारा कायदा झाला, आणि त्याच उन्हाळ्यांत असंख्य कामगार जोडपीं सायकलींवर बसून खेड्यापाड्यांच्या वाटेस लागलीं. मोटार ही त्या वेळीं श्रीमंतांची चैन होती. सायकल गिरणींतल्या माणसाच्याहि आवाक्यांत होती. परंतु ह्या संथ प्रवासाचें शास्त्र त्यापूर्वींच सिद्ध झालेलें होतें. सँतेत्येन शहरीं राहणाऱ्या पॉल द व्हिव्ही (१८५३-१९३०) ह्या गृहस्थानें ‘व्हेलोसियो’ ह्या टोपणनांवानें लेख लिहून तें घालून दिलें. भूक लागण्यापूर्वीं खावें, तहान लागण्यापूर्वीं प्यावें आणि केवळ ऐट मिरविण्यासाठीं पायडल मारूं नये, असा त्याच्या उपदेशाचा मथितार्थ होता. चढणीसाठीं सायकलीला अनेक गिअर असावेत असाहि त्याचा आग्रह असे. गंमत अशी कीं, फ्रान्सच्या सुप्रसिद्ध ‘तूर द फ्रान्स’ शर्यतींत चालतां चालतां गिअर बदलण्याच्या यंत्रास १९३७ पर्यंत मज्जाव होता. शर्यतवाल्यांना जें नाकारलेलें होतें तें रमतगमत जाणाऱ्या प्रवाशाला केव्हांच मिळालें होतें.

हा प्रकार कोंकणांत करून पाहावयाचा तर रायगड जिल्ह्यांतील पेण ते रोहें हा टापू त्यास फार सोयीचा आहे. नागोठण्यावरून जाणारें हें अंतर पन्नास किलोमीटरांच्या आंतलें. गोव्याकडे धांवणारी मोटार ह्यांतला बराचसा भाग तासाभरांत मागें टाकते, आणि खाडी केव्हां आली व केव्हां गेली ह्याचा आंतल्या माणसास पत्ता लागत नाहीं. सायकलस्वारानें ह्याच अंतराला तीन दिवस द्यावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने त्यास उत्तम.

पहिला दिवस पेण येथेंच घालवावा. गणपतीच्या मूर्तींचे कारखाने येथें वर्षभर चालतात. साच्यांतून निघालेली मूर्ति वाळते, रंगते आणि शेवटीं डोळ्यांच्या आखणीसाठीं कसबी हाताकडे जाते. पेणच्या कारागिरांची कीर्ति आहे ती मुख्यतः ह्या आखणीमुळें. ह्याच तालुक्यांतील गागोदें गांवीं १८९५ सालीं विनोबा भावे जन्मले. भूदानासाठीं १९५१ पासून तेरा वर्षें ते देशभर पायीं हिंडले, तेव्हां संथपणाच्या बाबतींत सायकलस्वारानें ह्या मुलुखांत फारशी प्रौढी मिरवूं नये हें बरें.

दुपार कलली म्हणजे पश्चिमेस धरमतरच्या खाडीकडे वळावें. येथील शेती समजून घ्यावयाची तर आधीं भरती-ओहोटी समजून घ्यावी लागते. भरती बहुधा दिवसांतून दोनदां येते आणि दररोज सुमारें पाऊण तासानें पुढें सरकते. तिथीच्या आंकड्याची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ निघते, असा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे : अष्टमीस सहा, पौर्णिमेस बाराच्या सुमारास. खाडींत जसजसें आंत जावें तसतशी ती थोडी उशिरां पोंचते. पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीस उधाण म्हणतात, अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीस भांग.

उधाणाचें खारें पाणी शेतांत शिरूं नये म्हणून खाडीच्या कडेनें मातीचे लांबच लांब बांध घातलेले आहेत. बांधांत ठिकठिकाणीं उघाडी असते. उघाडी म्हणजे एक दार, पण मोठ्या युक्तीनें बसविलेलें. ओहोटी लागली कीं आंत सांचलेलें पावसाचें पाणी त्याला रेटा देतें, दार उघडतें आणि पाणी खाडींत जातें. भरती आली कीं खाडीचें पाणी तेंच दार बाहेरून दाबून बंद करतें. त्यापाशीं कोणी उभें राहावें लागत नाहीं. बांधास मात्र फार जपावें लागतें. तो एके ठिकाणीं फुटला तरी अनेकांचीं शेतें खारावतात, आणि तें मीठ पावसाच्या पाण्यानें धुवून निघेपर्यंत तेथें भात नीट धरत नाहीं. मिठागरांचा प्रकार ह्याच्या अगदीं उलट. शेतकरी ज्या पाण्यास बाहेर ठेवतो त्यालाच मीठ पिकविणारा आगरांत बोलावून घेतो, एका वाफ्यांतून दुसऱ्या वाफ्यांत सोडतो, आणि ऊन-वाऱ्यानें तें आटत गेलें म्हणजे तळाशीं बसलेलें मीठ ओढून घेतो. आगरी समाजाचें नांव ह्या आगरांशींच जोडलेलें आहे. बांधावर सायकल हातांत धरून चालावें. बसून जाण्याजोगी ती वाट नव्हे.

ह्या जमिनीचा जीव शेतकऱ्यांस किती आहे तें २१ सप्टेंबर २००८ रोजीं दिसून आलें. विशेष आर्थिक क्षेत्रासाठीं, म्हणजे ‘सेझ’साठीं, जमिनी घ्याव्या कीं नाहीं ह्याविषयीं राज्य सरकारनें त्या दिवशीं हेटवणें धरणाच्या लाभक्षेत्रांतील पेण तालुक्याच्या २२ गांवांत शेतकऱ्यांचें मत घेतलें. त्यांचा विरोध उघड झाला आणि पुढें तें भूसंपादन तडीस गेलें नाहीं. महामार्गावरून ही जमीन नुसती सपाट व उजाड दिसते. उघाडीपाशीं घटकाभर बसलेल्या माणसास ती तशी दिसत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं उजाडतांच निघावें, कारण वडखळपर्यंत आणि पुढेंहि महामार्गावर मालमोटारींची रीघ असते. त्यांच्याशीं चढाओढ करण्यांत अर्थ नाहीं. वडखळला अलिबागचा रस्ता फुटतो; तो सोडून अंबा नदीवरील नागोठण्यास मुक्काम करावा. थंडीच्या अखेरीस शेतांत वाल भरलेला असतो. वालाच्या शेंगा मडक्यांत भांबुर्ड्याचा पाला घालून बंद करतात, मडकें पालथें घालून भोंवतीं पेंढा पेटवितात, हीच पोपटी. कोणी त्यांत अंडीं घालतात, कोणी कोंबडी. पाण्याचा थेंबहि लागत नाहीं.

तिसऱ्या दिवशीं नागोठण्याहून भिसे खिंडीची चढण. व्हेलोसियोच्या गिअरांची किंमत येथें कळते. ज्याच्या सायकलीस ते नसतील त्यानें निःसंकोच उतरून चालावें. खिंडीपलीकडे उतार लागतो, अवचितगड दिसूं लागतो, आणि कुंडलिकेच्या कांठीं वसलेलें रोहें येतें. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख ह्यांचें बालपण ह्याच गांवीं गेलें.

कोंकणांतल्या बहुतेक नद्या उन्हाळ्यांत आटतात. कुंडलिका मात्र वाहते. ह्याचें कारण घाटावर आहे. मुळशीच्या धरणांत अडविलेलें पाणी मुळांत पूर्वेकडे जावयाचें. तें सह्याद्रीवरून खालीं सोडून भिरा येथें १९२७ पासून वीज निर्माण होते, आणि चाकें फिरवून झालेलें पाणी कुंडलिकेंत येतें. त्या धरणाखालीं शेतें जाणाऱ्या मावळच्या शेतकऱ्यांनीं सेनापति बापट ह्यांच्या पुढारीपणाखालीं सत्याग्रह केला होता, पण धरण झालेंच. जवळच्या धाटाव येथील रासायनिक कारखान्यांचा दर्प वाऱ्याबरोबर येतो, तोहि ह्या गांवचाच भाग. संध्याकाळीं नदीकांठीं बसलें असतां तिकडच्या बुडालेल्या शिवारांची आठवण ठेवावी.

परतीसाठीं रोह्याहून मुंबईच्या बाजूस आगगाडी मिळते. सायकल सामान म्हणून नोंदवावी लागते, तेव्हां स्थानकावर वेळेच्या बरेंच आधीं जाणें बरें.