स्वभावाला औषध नसेल, पण रागाला लगाम आहे. शेतातला ताण घरात का येतो?

मागच्या रब्बीतली गोष्ट. आठवडा रात्रीच्या लाईटचा होता. गव्हाला पाणी द्यायला गेलो आणि दोन वाजता मोटार जळाली. सकाळी घरी आलो तेव्हा रिवाइंडिंगच्या खर्चानं डोकं फिरलेलं. दहावीतली मुलगी म्हणाली, "पप्पा, सहलीचे पैसे भरायचा आज शेवटचा दिवस आहे." तिच्यावर असा ओरडलो की पोरगी डबा न घेताच शाळेत गेली.

मोटार काही तिनं जाळली नव्हती. यालाच आपण वड्याचं तेल वांग्यावर म्हणतो. पुढं पंधरा दिवस तिला काही लागलं की निरोप आईकडून यायचा. माझ्याशी बोलणं बंद. मोटारीच्या खर्चापेक्षा हे जास्त लागलं, म्हणून हा विषय लिहितोय.

असं का होतं?

नोकरदाराचं ऑफिस सुटतं. आपलं शेत सुटत नाही. वस्तीवर राहणाऱ्याचं तर घरही शेतातच. बियाण्याचा पैसा आणि पोरांच्या फीचा पैसा एकाच खिशातून जातो. नवरा-बायको दिवसभर एकाच वावरात राबतात, त्यामुळं कामातलं भांडण रात्री ताटावर येतं. शरीराचंही तसंच आहे. ताण आला की छातीची धडधड वाढते, अंग ताठतं, आणि ते खाली यायला वेळ लागतो. तेवढ्यात जो समोर येतो त्याच्यावर राग निघतो, आणि समोर घरचंच माणूस असतं.

स्वभाव वेगळा, भावना सांभाळणं वेगळं

"स्वभावाला औषध नाही" असं म्हणून आपण मोकळे होतो. कुणी तापट, कुणी अबोल, कुणी काळजी करणारा, हे खरंच आहे. तो स्वभाव सहजासहजी बदलत नाही. पण भावना ओळखून सांभाळणं हे शिकता येतं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर यांनी १९९० साली याला भावनिक बुद्धिमत्ता म्हटलं. १९९५ साली डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकामुळं हा शब्द जगभर गेला. मतलब साधा आहे. स्वतःच्या मनात काय चाललंय ते कळणं, ते आवरणं, उमेद न सोडणं, समोरच्याचं मन ओळखणं आणि नातं सांभाळणं. तापट माणूस तापटच राहील, पण कुठं तापायचं ते त्याच्या हातात येतं.

घरी करून बघण्यासारखं

भावनेला नाव द्या. घरी आल्यावर आपण हातपाय धुतोच. तेवढ्या दोन मिनिटांत स्वतःला विचारा, हा राग आहे, भीती आहे की नुसती झोप? माझा त्या दिवशीचा राग खरं तर पैशाची भीती होती. भावनेला शब्दात नाव दिलं की तिचा जोर कमी होतो, असं मेंदूच्या अभ्यासातही दिसलं आहे.

आधीच सांगून टाका. "मोटार जळाली, डोकं ठिकाणावर नाही, अर्धा तास द्या." एवढं एक वाक्य बोललं तर घरच्यांना कळतं की राग त्यांच्यावर नाही.

बाईमाणसाचा दिवस मोजा. खुरपणी करून आल्यावर तिला चूल, धुणं, गुरांचं शेणपाणी असतंच. तिचीही चिडचिड होते, पण ती बोलून दाखवत नाही. धार काढणं, दळण आणणं, यातलं एखादं काम रोजचं आपल्याकडं घ्या. ती काही सांगत असेल तर लगेच उपाय सांगू नका, आधी ऐकून घ्या.

हिशेबाचा दिवस ठरवा. कांद्याची पट्टी, उधारी, सोसायटीचा हप्ता याची चर्चा आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी. जेवताना नको, आणि मोबाईल तर नकोच.

चुकलं तर चुकलं म्हणा. पोरांसमोर म्हटल्यानं बापाची पत कमी होत नाही.

यानं कांद्याचा भाव वाढणार नाही की कर्ज फिटणार नाही, हे मलाही कळतं. पण अडचणीच्या काळात घर तरी आपल्या बाजूला राहतं. झोपच उडाली असेल, दारू वाढली असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर मात्र घरगुती उपायावर थांबू नका. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा नंबर लावा. फोन मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.

माझ्या मुलीला मी पंधराव्या दिवशी म्हटलं, "त्या दिवशी चुकलं माझं." ती काहीच बोलली नाही. संध्याकाळी मी धार काढत होतो तर गोठ्याच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पप्पा, मोटार नीट चालते का आता?"