चालत्या गाडीचे सुटे भाग

बार्सिलोनाला लागून असलेल्या सांत आद्रिया द बेसोस इथला बुलताको मोटारसायकलींचा कारखाना 1983 साली कायमचा बंद झाला. तरीही त्या कारखान्याच्या शेर्पा-टी या गाडीचा पिस्टन, रिंगा, क्लचप्लेटा, केबली आणि गॅस्केटचा संच आजही नवा कोरा मागवता येतो. याच गाडीचा मूळ हेडलाइट किंवा स्पीडोमीटर हवा असेल तर मात्र जुन्या मालाच्या बाजारांत चिकाटीनं शोध घ्यावा लागतो. खरं तर उलट व्हायला हवं होतं. पिस्टन झिजतो, हेडलाइट झिजत नाही; मग झिजणारी वस्तू आधी संपायला हवी. पण या गाड्या डोंगर-ओढ्यांत चालवणाऱ्यांना दिव्यांचा उपयोग नव्हता. त्यांनी ते काढून टाकले, आणि ज्याची कुणाला गरज नाही ते पुन्हा बनवायला कुणी पुढे आलं नाही. जुन्या गाडीचा सुटा भाग मिळेल की नाही हे तिच्या वयावर फारसं अवलंबून नसतं. ती गाडी आज किती लोक चालवतात, यावर ते ठरतं.

शेर्पा-टी ही ट्रायल्सची गाडी. ट्रायल्समध्ये वेगाला महत्त्व नाही. खडक, चिखल, वाहतं पाणी यांतून पाय न टेकवता गाडी पार न्यायची, पाय टेकला की दंडाचे गुण. 1964 मध्ये सॅमी मिलर हा आयरिश स्वार एरियल या ब्रिटिश कंपनीची 500 सीसीची फोर-स्ट्रोक गाडी सोडून बुलताकोकडे आला, आणि त्याच्या हातून 244 सीसीची हलकी टू-स्ट्रोक शेर्पा घडली. 1965 मध्ये त्यानं तिच्यावर स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल जिंकली आणि अवजड ब्रिटिश फोर-स्ट्रोक गाड्यांची सद्दी संपत आली. पुढे 1975 ते 1979 अशी सलग पाच वर्षं जागतिक विजेतेपद बुलताकोकडेच राहिलं: आधी मार्टिन लॅम्पकिन, मग तीनदा फिनलंडचा यूर्यो वेस्टरिनेन, शेवटी अमेरिकेचा बर्नी श्रायबर. या यशामुळे गाड्या युरोप-अमेरिकेत पसरल्या. 1980च्या दशकात मागे एकच शॉकअॅब्सॉर्बर असलेल्या गाड्या आल्या, तेव्हा दोन शॉकवाल्या जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र गट सुरू झाले. शेर्पा त्यामुळे मैदानातच राहिली, तिचे भाग मोडत राहिले आणि ते बनवणाऱ्यांचा धंदाही चालत राहिला.

गाडीची रचनाही इथे मदतीला येते. टू-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. झिजणाऱ्या वस्तूंची यादीच लहान. बेअरिंगं बहुतांशी जगभर चालणाऱ्या मापांची असतात. 6205 म्हटलं की आतला व्यास 25 मिमी, बाहेरचा 52, रुंदी 15. हा आकडा बार्सिलोनात तोच आणि मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरही तोच. शिवाय बुलताकोनं सगळं स्वतः बनवलं नव्हतं. फोर्क बेटोरचे, रिमा अक्रोंटच्या, इग्निशन मोटोप्लाटचं, कार्ब्युरेटर बराच काळ अमालचा. माँतेसा आणि ओस्सा या स्पेनच्याच प्रतिस्पर्धी कारखान्यांनीही यांतलं बरंचसं याच पुरवठादारांकडून घेतलं. म्हणून एखाद्यानं बेटोर फोर्कच्या ऑइलसीलचा साठा केला, तर तो तीन कारखान्यांच्या गिऱ्हाइकांना पुरतो. अमालचा कॉन्सेंट्रिक कार्ब्युरेटर इंग्लंडमध्ये अजूनही नवा तयार होतो. मोटोप्लाटची गोष्ट वेगळी. त्यातलं वाइंडिंग रेझिनमध्ये बंदिस्त असल्यामुळे बिघडलं की दुरुस्ती अवघड. तिथेही स्वारांची गरज होतीच, म्हणून त्या जागी बसणारी आधुनिक इग्निशन आली.

जुनी गाडी चालवत राहण्यावर एक गंभीर आक्षेप आहे. गाडी चालवली की उरलासुरला मूळ मालही झिजणार, फुटणार. मग ती काचेमागे जपणंच शहाणपणाचं नाही का? क्रँककेस आणि हब यांच्या बाबतीत हे खरं आहे. ही ओतीव कामं नव्यानं करणं फार महाग पडतं. तडा गेलेली केस आर्गन वेल्डिंगनं भरता येते, सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन किंवा नवी स्लीव्ह बसवता येते, पण ते करणारा हात सरावाचा लागतो, आणि सराव कामातूनच येतो. शिवाय उभ्या गाडीचंही नुकसान होतच असतं: सील वाळतात, क्रँकच्या बेअरिंगवर गंज चढतो. सुरुवातीच्या शेर्पांच्या फायबरग्लासच्या टाक्या तर इथेनॉलमिश्रित पेट्रोल नुसतं भरून ठेवलं तरी आतून विरघळू लागतात. त्यांना अस्तर लावायला हवं, किंवा चालवण्यासाठी अॅल्युमिनियमची टाकी बसवून मूळ टाकी कोरडी जपायला हवी.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. चालवण्याच्या हौसेपायी गाडी जुनी राहतच नाही. स्कॉटलंडमधल्या 1965पूर्वीच्या गाड्यांच्या ट्रायलमध्ये आज उतरणाऱ्या कित्येक गाड्यांत जुनं म्हणावं असं फार थोडं उरलं आहे, अशी तक्रार होते आणि ती रास्त आहे. त्यावर उपाय नोंदीचा. शेर्पाच्या इंजिनावर आणि फ्रेमवर कोरलेल्या क्रमांकातच मॉडेलचा आकडा असतो. पहिली शेर्पा-टी म्हणजे मॉडेल 10. तो आकडा माहीत नसेल तर पार्ट्स कॅटलॉग हाती असूनही चुकीचा पिस्टन घरी येतो. बदललेला प्रत्येक भाग लिहून ठेवला आणि काढलेला भाग गाडीसोबत जपला, तर पुढच्या मालकाला मूळ रूपाकडे परतता येतं. सीएनसी आणि थ्री-डी प्रिंटिंग आता हवं ते बनवून देईल असं म्हणतात. बनवेलही, पण माप घ्यायला एक तरी मूळ नग लागतो, आणि तो अनेकदा अशा काढून ठेवलेल्या भागांतच सापडतो.

बुलताको आपल्या रस्त्यांवर आली नाही, पण हा हिशेब आपल्याकडच्या गाड्यांनाही लागू आहे. म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना 1996 मध्ये बंद पडला, तरी तिथं बनलेल्या येझदीचे पिस्टन आणि केबली बाजारात मिळतात, कारण येझदी चालवणारे अजून आहेत. तुमच्या पत्र्याच्या शेडमध्ये अशी एखादी गाडी उभी असेल तर आधी तिच्या इंजिनाचे आणि फ्रेमचे क्रमांक लिहून घ्या, निघालेला एकही भाग भंगारात देऊ नका, आणि दुरुस्त झाली की ती चालवा.