पाळण्यावरचा पहारा: बेबी मॉनिटर घेताना काय पाहावे, काय सोडावे

सिंगापूरमध्ये नव्याने आईबाबा होणाऱ्या मराठी जोडप्यांच्या खरेदीच्या यादीत पाळणा, प्रॅम आणि दुधाच्या बाटल्यांच्या जोडीला आता बेबी मॉनिटर हमखास असतो. बाळंतपणासाठी पुण्याहून किंवा साताऱ्याहून आलेल्या आजीला मात्र या उपकरणाचे नवल वाटते. 'बाळ रडले की ऐकू येतेच की,' हे तिचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. तथापि तिच्या घरात दारे उघडी असत आणि माणसे पुष्कळ असत. येथे एसीसाठी खोलीचे दार बंद असते, स्वयंपाकघरात चिमणी सुरू असते आणि आजी परत गेल्यावर घरात ऐकणारे कान दोनच उरतात. त्यामुळे उपकरणाची गरज खरी आहे. प्रश्न आहे तो कोणत्या उपकरणाची आणि त्यातल्या कोणत्या सोयींची.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट असावी. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या 'अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स' या संघटनेचा सल्ला असा आहे, की निदान पहिले सहा महिने बाळाने आईवडिलांच्याच खोलीत, परंतु स्वतंत्र बिछान्यावर झोपावे. हा सल्ला पाळला तर रात्री मॉनिटरचे फारसे काम उरत नाही. त्याचा उपयोग दिवसा, बाळ आत झोपलेले आणि आपण बाहेर कामात असताना, किंवा पुढे बाळ वेगळ्या खोलीत झोपू लागल्यावर होतो.

भीतीतून जन्मलेले यंत्र

या उपकरणाचा जन्मच मुळी भीतीतून झाला. १९३२ साली अमेरिकेत वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या तान्ह्या मुलाचे घरातून अपहरण झाले आणि त्याची हत्या झाली. त्या घटनेच्या छायेत झेनिथ रेडिओ कंपनीचे प्रमुख युजीन मॅकडोनल्ड यांनी मुलांच्या खोलीतला आवाज दुसऱ्या खोलीत पोहोचवणारे यंत्र तयार करवून घेतले. १९३७ साली शिल्पकार इसामु नोगुची यांनी त्याला बेकेलाइटचे रूप दिले. 'रेडिओ नर्स' हे त्याचे नाव. आज नव्वद वर्षांच्या उंबरठ्यावरही हा बाजार पालकांच्या भीतीवरच उभा आहे. म्हणून खरेदी करताना आपण सोय विकत घेत आहोत की भीतीवरचा उतारा, हे स्वतःला विचारणे इष्ट.

तीन प्रकार

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. पहिला, केवळ आवाज पोहोचवणारा. यातील बरीच उपकरणे बिनतारी टेलिफोनसाठी वापरल्या जाणाऱ्या 'डेक्ट' तंत्रावर चालतात. आवाज स्वच्छ येतो, बॅटरी टिकते आणि इंटरनेट लागत नाही. दुसरा, कॅमेरा व त्याच्याच सोबत मिळणारा स्वतंत्र पडदा असलेला. यातही चित्र घराबाहेर जात नाही. तिसरा, वाय-फायवर चालणारा, ज्याचे चित्र मोबाइलमधील ॲपवर दिसते. तिसऱ्या प्रकाराचे आकर्षण उघड आहे: सिंगापूरच्या कार्यालयातून आईला आणि अडीच तास मागे असलेल्या पुण्यातून आजोबांना नातू झोपलेला दिसतो. परंतु ते चित्र बहुधा कंपनीच्या सर्व्हरमार्फत प्रवास करते, आणि जे घराबाहेर जाते ते पूर्णपणे आपल्या हाती राहत नाही.

भिंतींचा हिशेब

खोक्यावर लिहिलेला पल्ला मोकळ्या मैदानातला असतो. सिंगापूरच्या घरांना एक आगळी अडचण आहे. १९९७ साली झालेल्या नागरी संरक्षण निवारा कायद्यानंतर बांधलेल्या बहुतेक सदनिकांत एक 'बॉम्ब शेल्टर' असते. जाड सलोह काँक्रीटच्या भिंती आणि पोलादी दार असलेली ही खोली आपण कोठीघर म्हणून वापरतो, पण रेडिओ लहरींच्या वाटेत ती तटबंदीसारखी उभी राहते.

आमच्या घरी ही गोष्ट आम्ही अनुभवाने शिकलो. दुकानात उत्तम चाललेला वाय-फाय मॉनिटर घरी आणला. एका दुपारी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवलेल्या फोनवर बाळ शांत झोपलेले दिसत होते. काही मिनिटांनी सहज खोलीत डोकावले, तर ते रडून लालबुंद झालेले. शेल्टरच्या आडोशाने संदेश तुटला होता आणि पडद्यावर शेवटचे चित्र गोठून राहिले होते. ॲपने सूचना दिली नव्हती. त्या दिवसापासून माझ्या यादीत पहिली कसोटी एकच आहे: संपर्क तुटला की यंत्र मोठ्याने ओरडते का? चित्र किती सुस्पष्ट आहे, हा प्रश्न त्यानंतरचा. घरी आणताच कॅमेरा सुरू करून हातातले यंत्र प्रत्येक खोलीत फिरवून पाहावे, मग कॅमेऱ्याची वीज मुद्दाम बंद करून सूचना येते का तेही पाहावे. ही दोन्ही कामे परतीची मुदत संपण्यापूर्वी करावीत.

कोणी परके पाहत तर नाही ना?

ऑक्टोबर २०२० मध्ये सिंगापूरच्या वृत्तपत्रांत एक अस्वस्थ करणारी बातमी आली. पन्नास हजारांहून अधिक घरगुती कॅमेऱ्यांत घुसखोरी करून मिळवलेली चित्रणे इंटरनेटवर फिरत होती, आणि त्यांतील बरीच सिंगापूरच्या घरांतली होती. हा प्रकार नवा नव्हता. जानेवारी २०१२ मध्येच अमेरिकेत ट्रेंडनेट कंपनीच्या सुमारे सातशे कॅमेऱ्यांची थेट दृश्ये उघड्यावर आली होती, आणि त्यांत पाळण्यात झोपलेली बाळेही होती.

योगायोगाने त्याच ऑक्टोबर २०२० मध्ये सिंगापूरच्या सायबर सुरक्षा संस्थेने उपकरणांसाठी सुरक्षा लेबलाची योजना सुरू केली. तिच्या चार पातळ्या आहेत. पहिल्या पातळीवर प्रत्येक उपकरणाचा पासवर्ड वेगळा असणे आणि सॉफ्टवेअर अद्ययावत होत राहणे यांसारख्या मूलभूत अटी तपासल्या जातात. दुसरीत उपकरण घडवतानाच सुरक्षेचा विचार केला गेला का, हे पाहिले जाते. तिसरीत बाहेरची प्रयोगशाळा सॉफ्टवेअरची छाननी करते, तर चौथीत घुसखोरीचे प्रत्यक्ष प्रयत्न करून पाहिले जातात. कॅमेऱ्यांसाठी हे लेबल ऐच्छिक आहे, त्यामुळे ते नसलेली उपकरणेही दुकानांत सर्रास मिळतात. वाय-फायचा मॉनिटर घ्यायचाच असेल, तर लेबल असलेला घ्यावा, मूळचा पासवर्ड लगेच बदलावा, दुहेरी पडताळणी सुरू ठेवावी आणि आजीआजोबांना आपला पासवर्ड न देता ॲपमधून पाहुण्याचे खाते द्यावे.

नाडी मोजणारे मोजे

सर्वांत महाग आणि सर्वांत भावनिक भाषेत विकली जाणारी सोय म्हणजे बाळाच्या हृदयाचे ठोके व रक्तातील प्राणवायू मोजणारे मोजे. येथे सावध असावे. २०१८ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातील संशोधकांनी ३० बालकांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. तपासलेल्या दोन उपकरणांपैकी एकाने प्राणवायू कमी झाल्याचे ओळखले, पण सातत्याने नाही. दुसऱ्याने ते एकदाही ओळखले नाही, उलट नाडीचे ठोके चुकीने कमी दाखवले. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आउलेट कंपनीला तिच्या मोज्याबद्दल ताकीदपत्र दिले. कंपनीने तो अमेरिकेत विकणे थांबवले आणि तिच्या पुढच्या मोज्याला नोव्हेंबर २०२३ मध्ये रीतसर परवानगी मिळाली.

परवानगी मिळाली तरी मूळ मुद्दा बदलत नाही. बालरोगतज्ज्ञांची संघटना स्पष्ट सांगते, की झोपेतील आकस्मिक बालमृत्यू टाळण्याचा उपाय म्हणून घरगुती मॉनिटरवर विसंबू नये. जे उपाय खरोखर उपयोगी पडतात, त्यांना पैसे पडत नाहीत: बाळाला उताणे झोपवावे, गादी सपाट व घट्ट असावी, पाळण्यात उशी, दुलई, खेळणी असू नयेत आणि घरात धूम्रपान नसावे. आपल्याकडे डोक्याला गोलाई यावी म्हणून मोहरीची उशी देण्याची रीत आहे. आजीचे मन न दुखवता ती बाजूला ठेवणे हे कोणत्याही मोज्यापेक्षा मोलाचे. मुदतीपूर्वी जन्मलेल्या किंवा आजारी बाळाची गोष्ट निराळी. त्याला देखरेख लागत असेल तर ती डॉक्टरांनी ठरवावी.

कॅमेऱ्यासमोरची दुसरी व्यक्ती

सिंगापूरमध्ये या विषयाला आणखी एक बाजू आहे, जिची चर्चा क्वचित होते. अनेक घरांत निवासी हेल्पर असते आणि पुष्कळदा ती बाळाच्याच खोलीत झोपते. म्हणजे बाळावर रोखलेला कॅमेरा तिच्यावरही रोखलेला असतो. मनुष्यबळ मंत्रालयाची भूमिका अशी, की घरात कॅमेरे असतील तर ते कोठे आहेत हे तिला सांगावे आणि ती झोपते, कपडे बदलते किंवा स्नान करते अशा जागी ते लावू नयेत. कोणाचे खासगी क्षण संमतीवाचून चित्रित करणे हा १ जानेवारी २०२० पासून दंडसंहितेत स्वतंत्र गुन्हा आहे. हेल्पर बाळाच्या खोलीत झोपत असेल, तर तिथे केवळ आवाजाचा मॉनिटर ठेवणे हाच सरळ मार्ग. आपले बाळ आपण जिच्या हाती सोपवतो, तिला चोरून पाहणे हे कायद्याच्या आधी सभ्यतेत बसत नाही.

कशासाठी पैसे मोजावेत?

संपर्क तुटल्याची सूचना, वीज गेल्यावर चालणारी बॅटरी, अंधारात दिसणारे इन्फ्रारेड चित्र, आणि बाळ रडल्यावरच जागा होणारा ध्वनिसंवेदक या चार गोष्टींसाठी पैसे मोजावेत. एसीच्या खोलीत तापमान दाखवणारी सोयही कामाची. मात्र ब्रिटनमध्ये सुचवले जाणारे १६ ते २० अंश येथे गाठण्याचा अट्टहास नको. बाळाची छाती किंवा मान हाताने चाचपून ते तापले आहे का, हे पाहावे. अंगाईगीतांचा संग्रह, रंगीत दिवे, रडण्याचा 'अर्थ' सांगणारी कृत्रिम बुद्धिमत्ता, झोपेचे आलेख यांवाचून काही अडत नाही. कोणत्या सोयी मासिक वर्गणी थांबताच बंद पडतात, हेही आधी वाचावे.

अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेला मॉनिटर स्वस्त वाटला तरी जपून. तिकडच्या 'डेक्ट'च्या लहरी इकडच्यापेक्षा वेगळ्या पट्ट्यात असतात, आणि येथे विकल्या जाणाऱ्या अडॅप्टरवर सुरक्षेचे 'सेफ्टी मार्क' असणे आवश्यक आहे. उपकरण कोणतेही असो, त्याची तार पाळण्यापासून किमान तीन फूट दूर ठेवावी. मॉनिटरची तार गळ्याभोवती आवळून २००२ नंतर अमेरिकेत सात बालके दगावल्याचे तेथील ग्राहक सुरक्षा आयोगाने २०११ साली सांगितले होते. ज्यासाठी यंत्र आणले त्यालाच त्याचा धोका होऊ नये.

आमच्या घरी पुढे साधा आवाजाचा मॉनिटर आला. त्यात चित्र नाही, ॲप नाही. तो खरखरला की कोणीतरी उठून खोलीत जाते. आजीही परत जाताना म्हणाली, की एवढे यंत्र चालेल.