बारावीनंतर कोणत्या परीक्षेला बसायचे?



ऊस नोंदीसाठी आम्ही गावोगाव फिरतो तेव्हा हल्ली बेण्याखतांच्या जोडीने एक प्रश्न हमखास येतो: "साहेब, पोरगं बारावी सायन्सला आहे, फॉर्म कुठला भरायचा?"

खरे सांगायचे तर आमच्याच घरी यात चूक झाली. मुलीला जनावरांची डॉक्टर व्हायचे होते. आम्ही समजलो, पशुवैद्यकीय म्हणजे शेतीशी संबंधितच. तिला फक्त सीईटीला बसवले. मार्क चांगले पडले. पण पशुवैद्यकीयचा प्रवेश नीटच्या गुणांवर होतो हे कळले तेव्हा नीटचा फॉर्म भरायची मुदत केव्हाच उलटली होती. दुसऱ्याला आडसालीची तारीख सांगणारे आम्ही, पोरीचे वर्ष घालवून बसलो. तिने एक शब्द बोलला नाही, तेच जास्त लागले.

म्हणून आधी शिक्षण ठरवा, मग परीक्षा. जमीन चोपण असेल तर आपण आधी ते बघतो आणि मगच जात निवडतो, तसेच हे.

एमबीबीएस, आयुर्वेद, होमिओपॅथी, पशुवैद्यकीय यांना नीट लागते. ७२० गुणांची परीक्षा, बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीच्या उत्तराला १ गुण वजा. म्हणजे अंदाजपंचे ठोकले की नुकसान. राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चार कृषी विद्यापीठांच्या बी.एस्सी. कृषीला मात्र राज्याची सीईटी. ती २०० गुणांची, तीत चुकीला गुण वजा होत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये. कृषी व फार्मसीला गणिताचा किंवा जीवशास्त्राचा, कुठलाही गट चालतो. इंजिनिअरिंगला गणिताचाच गट पाहिजे. चारही विषय घेतलेल्या मुलाने दोन्ही गट द्यावेत. एनआयटी, आयआयटी डोक्यात असेल तर जेईई मेन. ती वर्षातून दोनदा होते.

अकरावीत टंगळमंगळ करू नये. सीईटीत वीस टक्के भार अकरावीचा आहे. आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांनी हेही ध्यानात ठेवावे की सीईटीचा गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो. नीट मराठीत देता येते.

शेतकरी कुटुंबातील मुलाला कृषी प्रवेशात जादा भार दिला जात आला आहे. त्यासाठी सातबारा लागतो, आणि तो आजोबांच्याच नावावर राहिलेला असतो! वारसनोंद आताच करून घ्या. प्रवेशाच्या वेळी तलाठ्याकडे ही गर्दी असते.

मुख्य अडचण वेळेची. हे फॉर्म निघतात ते ऐन तोडणीच्या हंगामात, बाप टोळीच्या आणि ट्रॅक्टरच्या मागे असतो तेव्हा. पोराने सही मागितली तर उद्यावर ढकलू नका.

आमची मुलगी आता नीटचा अभ्यास करते आहे. या खेपेस सीईटीचा फॉर्मही भरला आहे, तो तिने स्वतः. आमच्यावर सोपवला नाही.

— ऊस विकास अधिकारी