प्रतिसाद न देणाऱ्या दोषशोधक उपकरणाचे पुनरुज्जीवन : 'पिकिट २'चे उदाहरण

सूक्ष्मनियंत्रकात आज्ञावली भरणे व तिच्यातील दोष शोधणे यांसाठी मायक्रोचिप कंपनीचे 'पिकिट २' हे उपकरण अनेक प्रयोगशाळांत वापरले गेले. त्याचे उत्पादन आता बंद झाले असल्याने हाती असलेला संच टिकविणे अगत्याचे ठरते. फर्मवेअर अद्ययावत होत असताना वीज गेली किंवा यूएसबी केबल निसटली, की संगणक या उपकरणास ओळखेनासा होतो आणि ते निकामी ठरवून अडगळीत टाकले जाते. हा निष्कर्ष बहुधा घाईचा असतो.

पिकिट २ स्वतःच पीआयसी१८एफ२५५० या सूक्ष्मनियंत्रकावर चालते. त्याच्या ३२ किलोबाइट फ्लॅश स्मृतीत आरंभी बूटलोडर व त्यापुढे नित्याचे काम पाहणारे फर्मवेअर असते. फ्लॅश स्मृतीत नवे लिहिण्यापूर्वी जुने पुसावे लागते. येथे एका वेळी ६४ बाइट पुसले जातात, तर ३२ बाइट लिहिले जातात. मध्येच खंड पडल्यास जुने गेलेले आणि नवे अपुरे, अशी अवस्था उरते. अशा अपुऱ्या आज्ञावलीकडून संगणकाला ओळख देण्याचे कामही होत नाही. मात्र बूटलोडर या प्रक्रियेत स्वतःचा भाग पुसत नाही. तो शाबूत असतो. नियंत्रण त्याच्याकडे वळविणे एवढेच उरते.

त्यासाठी उपकरणावरील बटण दाबून धरूनच यूएसबी केबल जोडावी. हबऐवजी संगणकाचे पोर्ट वापरणे इष्ट. 'बिझी' दिवा उघडमीट करू लागल्यास बूटलोडर कार्यरत आहे असे समजावे. नंतर पिकिट २ च्या संगणकीय आज्ञावलीतील 'टूल्स' या यादीतून 'डाउनलोड पिकिट २ ऑपरेटिंग सिस्टिम' हा पर्याय निवडून फर्मवेअरची हेक्स फाइल द्यावी. लेखन पूर्ण होईपर्यंत केबलला हात लावू नये, हे वेगळे सांगणे नको. 'पिकिट ३' पीआयसी२४ कुलातील नियंत्रकावर आधारलेले असून त्याची रचना निराळी आहे. ही कृती त्यास जशीच्या तशी लागू करू नये.

केबल व पोर्ट बदलूनही दिवा उघडमीट करीत नसेल, तर बूटलोडरच बिघडल्याची शक्यता विचारात घ्यावी लागते. मग प्रोग्रामर सावरण्यासाठी दुसरा प्रोग्रामर हवा, असा काहीसा गमतीचा पेच उभा राहतो. दुसऱ्या उपकरणाच्या व्हीपीपी, व्हीडीडी, ग्राउंड, डेटा व क्लॉक या पाच तारा आतील नियंत्रकाशी जोडून बूटलोडरसह संपूर्ण हेक्स फाइल त्यात लिहावी लागते. २८ पायांच्या आवेष्टनात व्हीपीपी पहिल्या, क्लॉक २७ व्या, तर डेटा २८ व्या पायावर असतो.