काचऱ्या आणि जर्मन बटाटे

मराठी काचऱ्या आणि जर्मन ‘ब्राटकार्टोफेल्न’ यांतला खरा फरक पाण्याचा. काचऱ्यांच्या कच्च्या चकत्या झाकणाखाली वाफेवर शिजतात, म्हणून मऊ राहतात. जर्मनीत बहुधा आदल्या दिवशी सालासकट उकडून गार केलेले बटाटे घेतात. थंड होताना स्टार्च घट्ट बांधला जातो आणि चकत्या फुटत नाहीत. पृष्ठभागावरचे पाणी उडेपर्यंत तिथले तापमान 100 अंशांच्या आसपासच अडकते. खमंग तांबूसपणा आणणारी मेलार्ड अभिक्रिया मात्र साधारण 140 अंशांपुढे जोर धरते. म्हणून चकत्या पुसून घ्याव्यात आणि लोखंडी तव्यावर एकाच थरात, झाकण न ठेवता परताव्यात. कांदा लवकर करपतो, तो शेवटी घालावा. कच्चे बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नयेत: थंडीत स्टार्चची साखर होते आणि चकत्या काळपट, कडवट होतात.